आईंच्या गोकर्णीच्या फ्रेमबद्दल

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला. आईंनी लावलेली गोकर्ण, मोगरा आणि जास्वंद घेऊन तुम्ही जुलैत आमच्याकडे आलात, २८०० रुपये देऊन फ्रेम करून घेतलीत, आणि दिवाळीपर्यंत गोकर्ण पांढुरकी, मोगरा चॉकलेटी झाला. ‘वर्षानुवर्षं टिकेल म्हणून सांगितलं, बहुतेक आमच्या फुलांऐवजी दुसरीच लावली,’ असं तुम्ही लिहिलंय. घर विकल्यामुळे ती झाडंही आता राहिली नाहीत, हे वाचून फार वाईट वाटलं.

‘टिकेल’ हे मीच म्हटलं होतं. दाबून वाळवलेलं फूल टिकतं, त्याचा रंग तसाच राहत नाही. हे तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, ही माझी चूक.

दुसरी चूक घाईची. वर्षश्राद्धाच्या आधी फ्रेम हवी म्हणून मी फुलं दहाव्या दिवशी प्रेसमधून काढली. एप्रिल-मे असता तर चाललं असतं. पुण्यात जुलैची हवाच ओली, टीपकागद रोज बदलला तरी तो हवेतलं पाणी ओढत राहतो. अशा वेळी तीन आठवडे तरी द्यावे लागतात. तारीख जमणार नाही, असं स्पष्ट सांगायचं धाडस मला झालं नाही. तुमच्या फोटोत जास्वंदीच्या देठाजवळ काळे ठिपके दिसतात ती बुरशी आहे, आणि ती त्या घाईमुळेच आली.

मोगऱ्याचं मात्र कुणाच्याच हातात नसतं. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं ना, तसंच पाकळी दाबली की आतल्या पेशी फुटतात, हवा लागते आणि ती तपकिरी होते. भरभर वाळवला तर क्रीम रंगावर थांबतो, एवढंच. पांढराशुभ्र राहिलेला मोगरा मी अजून पाहिलेला नाही.

गोकर्णीचा निळा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा, तो उजेडाने उडतो. झेंडूचा पिवळा त्या मानाने खूप तग धरतो. तुमची फ्रेम बाल्कनीसमोरच्या भिंतीवर आहे, पण तिथे लावू नका असं आम्ही कुठे सांगितलं होतं? अतिनील किरणं अडवणारी काच लावली तरी रंग उडायचा वेग कमी होतो, थांबत नाही. कोरेगाव रोडवर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. तिथल्यासारख्या संग्रहांत दाबलेले नमुने बंद कपाटात ठेवतात, आणि तरीही फुलाचा रंग शेजारच्या चिठ्ठीवर शब्दांत लिहून ठेवायची पद्धत आहे, कारण वाळल्यावर रंगाची खात्री देता येत नाही.

फुलं बदलल्याचं मात्र मी मान्य करणार नाही. प्रत्येकाची फुलं नाव-तारीख लिहिलेल्या वेगळ्या पाकिटात असतात आणि उरलेली आम्ही टाकत नाही. तुमचं पाकीट आज सकाळी कपाटातून काढलं. गोकर्णीची सात फुलं, जास्वंदीच्या चार पाकळ्या आणि थोडी पानं आहेत. सहा महिने अंधारात राहिल्यामुळे गोकर्ण अजून जांभळट निळी आहे. मोगरा एकही उरलेला नाही, त्याबद्दल क्षमा असावी.

ही फुलं तुमची आहेत. त्यांची नवी फ्रेम मी स्वतः करून देईन, पैसे लागणार नाहीत. फ्रेम नको असेल तर २८०० रुपये परत देते आणि पाकीटही घरी आणून देते. नव्या कामासाठी फेब्रुवारीपर्यंत वेळ द्या, यावेळी घाई करणार नाही.

तोवर जुनी फ्रेम भिंतीवरून काढून कपाटात उभी ठेवा. मागची टेप उघडू नका, पाकळ्या काचेला चिकटलेल्या असतात, ओढल्या की फाटतात. येताना ती सोबत आणा. गोकर्णीचे वेल आणि पानं अजून चांगली दिसतायत, ती सोडवून नव्या फ्रेममध्ये घेता येतील.