क्लोजरला गार्बेज कलेक्टर लागतोच का?

"क्लोजर म्हटलं की हीप आणि गार्बेज कलेक्टर आलाच. म्हणून सी, सी++, रस्टमध्ये खरं क्लोजर नसतं, आणि असलं तरी हळू चालतं." हे वाक्य पुन्हापुन्हा फॉरवर्ड होऊन येतं. हीप म्हणजे मेमरीचा मागेल तेव्हा मिळणारा भाग, आणि गार्बेज कलेक्टर म्हणजे त्यातली वापर संपलेली जागा आपोआप मोकळी करणारी व्यवस्था. वाक्यात तीन दावे आहेत.

गार्बेज कलेक्टर लागतो? क्लोजर म्हणजे फंक्शनचा कोड आणि त्याला लागणारी बाहेरची व्हेरिएबल्स. ती कुठे ठेवायची हा निराळा प्रश्न. 1970 च्या पास्कलमध्ये प्रोसीजरच्या पोटात प्रोसीजर लिहिता येई, आतली बाहेरचीची व्हेरिएबल्स वापरी, आणि सगळा कारभार स्टॅकवर, म्हणजे फंक्शन संपताच मोकळ्या होणाऱ्या मेमरीवर. आतलीला बाहेरचीच्या फ्रेमचा (स्टॅकवरच्या तिच्या जागेचा) पत्ता दिला की भागायचं. घोळ होतो तो आतलं फंक्शन बाहेरच्यापेक्षा जास्त जगलं तर: घर पाडलं, पत्ता हातात. पास्कलने प्रोसीजर परत पाठवायची सोयच ठेवली नाही, म्हणून तिथे हा घोळ नव्हता.

खरं क्लोजर नसतं? सीपुरतं बरोबर. प्रमाणित सीमध्ये नेस्टेड फंक्शनही नाही. जीसीसी हा कंपायलर ते जादा सोय म्हणून देतो. पण अशा फंक्शनचा पत्ता घेतला आणि ते बाहेरची व्हेरिएबल्स वापरत असलं, की साधारणपणे चालत्या प्रोग्रॅममध्ये स्टॅकवर मशीन कोडचा एक तुकडा लिहिला जातो, ट्रॅम्पोलिन. मग स्टॅक एक्झिक्युटेबल (त्यावरचा कोड चालू देणारा) ठेवावा लागतो, आणि सुरक्षावाल्यांच्या कपाळावर आठी. मात्र हा दोष क्लोजरचा नाही. सीच्या फंक्शन पॉइंटरमध्ये एकच पत्ता मावतो, सोबतचा डेटा ठेवायला जागा नाही. क्यूसॉर्टच्या (सीमधलं क्रम लावणारं फंक्शन) तुलना-फंक्शनला जादा माहिती द्यायची तर ग्लोबल व्हेरिएबल वापरायचं. मीही वापरलंय, लाज वाटली तरी.

सी++ ने 2011 मध्ये वेगळी वाट धरली. प्रत्येक लॅम्डा (जागच्या जागी लिहिलेलं बिननावाचं फंक्शन) हा स्वतंत्र टाइप, पकडलेली व्हेरिएबल्स त्याचे मेंबर. एक इंट (पूर्णांक) पकडला तर सहसा चार बाइट. हीप नाही, कलेक्टर नाही. तक्रार करायचीच तर इथे करा: व्हेरिएबल रेफरन्सने (कॉपी न करता, नुसत्या पत्त्याने) पकडून लॅम्डा परत केला तरी सी++ मुकाट्याने कंपाइल करतं आणि पुढे तोच पाडलेल्या घराचा पत्ता. रस्ट तिथेच अडवतं. व्हेरिएबलची मालकी क्लोजरला द्यायची तर "मूव्ह" लिहा म्हणतं.

हळू? बहुतेकदा उलटंच. टाइप वेगळा असल्याने सी++ च्या सॉर्टमध्ये लॅम्डा सहसा इनलाइन होतो, म्हणजे त्याचा कोड थेट तिथेच बसवला जातो. क्यूसॉर्ट मात्र सहसा दर तुलनेला पॉइंटरमधून हाक मारतं. वेग जातो तो सी++ चं एसटीडी फंक्शन किंवा रस्टचं बॉक्स डिन (कोणतंही क्लोजर मावेल असे डबे) वापरल्यावर. तिथे हाक पॉइंटरमधून जाते आणि हीपही येतो: एसटीडी फंक्शनमध्ये सहसा पकडलेला डेटा मोठा असला की, बॉक्समध्ये डेटा छोटा असला तरी. पण तो आपणच मागवलेला असतो.