पत्ता कट करून घेण्याची सोपी पद्धत

अमेरिकेत घर बदलल्यावर नवा पत्ता कोणाला आणि कोणत्या क्रमाने कळवावा, याचा एक अलिखित संकेत आपल्या मराठी मंडळींनी पक्का केलेला आहे. पहिला मान वायफायवाल्याचा, दुसरा घरपोच वस्तू पाठवणाऱ्या ऑनलाइन दुकानांचा, आणि तिसरा महाराष्ट्र मंडळाच्या त्या व्हॉट्सॲप गटाचा, जिथे गृहप्रवेशाच्या सत्यनारायणाचे निमंत्रण, गाड्या कुठे लावाव्यात या सूचनेसकट, सामानाची खोकी फुटण्याआधीच येऊन पडलेले असते. त्यानंतर बँक, दातांचा डॉक्टर, मुलीच्या भरतनाट्यमच्या बाई. सर्वांत शेवटी, म्हणजे बहुधा कधीच नाही, त्या सरकारी खात्याचा, म्हणजे स्थलांतर खात्याचा, क्रमांक लागतो, ज्याच्या परवानगीने आपण या देशात राहतो. हा क्रम उत्तम असून तो मोडू नये. नागरिकत्वाचा अर्ज भरण्याची वेळ येईल तेव्हा त्याची गोड फळे कशी चाखावीत, एवढेच मार्गदर्शन मी येथे करणार आहे.

कायदा तसा आडदांड नाही. १९५२च्या स्थलांतरविषयक कायद्याचे २६५वे कलम सांगते की देशात राहणाऱ्या परकीय व्यक्तीने घर बदलल्यापासून १० दिवसांच्या आत आपला नवा पत्ता कळवावा. त्यासाठीचा फॉर्म एआर-११ या नावाने ओळखला जातो. त्याला शुल्क नाही, आता तो संगणकावरून भरता येतो, आणि चहा निवण्याच्या आत भरून होतो. व्हिसावर आलेल्यांना तो लागू आहे आणि ग्रीन कार्डवाल्यांना, म्हणजे कायम राहण्याचा परवाना मिळालेल्यांनाही आहे. नेमके हेच त्याच्या विरोधात जाते. ज्या कामाला शुल्क नाही, वकील नाही, रांग नाही आणि ज्यासाठी नोटरीचा शिक्कासुद्धा लागत नाही, ते काम महत्त्वाचे असूच शकत नाही, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची जाण आहे आणि तिच्याशी प्रतारणा करण्याचे काही कारण नाही.

तरीही मनाला टोचणी लागलीच, तर पोस्टात जाऊन टपाल नव्या पत्त्यावर वळवण्याचा अर्ज द्यावा आणि सरकारला कळवल्याचे समाधान मानावे. पोस्टही सरकारी आणि ते खातेही सरकारी, तेव्हा आतल्या आत ते एकमेकांना सांगतीलच, असा विश्वास बाळगावा. स्थलांतर खाते स्वतःच वारंवार बजावत असते की पोस्टाला कळवणे म्हणजे आम्हाला कळवणे नव्हे आणि आमची पत्रे पोस्ट पुढे पाठवीलच असे समजू नका. पण सरकारी सूचना वाचून वागायचे असते तर आपण एवढी वर्षे त्या व्हॉट्सॲप गटावर कशाला काढली असती? तुमचे नवे ग्रीन कार्ड जुन्या पत्त्यावर जाऊन, तिथल्या नव्या भाडेकरूच्या दारावरून, आल्या वाटेने खात्याकडे परत गेले, तर निदान त्याला तरी आपले घर ठाऊक आहे, असे म्हणावे.

दुसरी सूचना कुटुंबप्रमुखांसाठी. पत्ता कळवायचाच झाला तर फक्त आपला कळवावा. रेशनकार्डावर जसे एका नावाखाली सगळे घर मावते, तसेच येथेही मावत असेल, असे गृहीत धरावे. प्रत्यक्षात प्रत्येकाने स्वतंत्रपणे कळवायचे असते आणि चौदा वर्षांखालच्या मुलांची जबाबदारी पालकांवर असते. एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरीवर आलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर आलेली, पुढे तुमच्याबरोबर ग्रीन कार्ड मिळालेली तुमची पत्नी कागदोपत्री अजून त्या पहिल्या एका खोलीच्या अपार्टमेंटमध्येच एकटी राहत आहे आणि तुम्ही मात्र तीन घरे बदलून पुढे गेलेले आहात, हे चित्र नागरिकत्वाच्या मुलाखतीत अधिकाऱ्याला दिसले तर त्याला जे प्रश्न पडतील, त्यांची उत्तरे देताना तुमच्या संसाराची नव्याने ओळख होईल.

आता मुख्य विषयाकडे येतो. नागरिकत्वाचा अर्ज, म्हणजे एन-४००, ग्रीन कार्ड मिळाल्यानंतर सर्वसाधारणपणे पाच वर्षांनी करता येतो. अमेरिकी नागरिकाशी लग्न झालेले असेल आणि त्याच्यासोबत नांदत असाल, तर तीन वर्षांनी. मुदत भरण्यापूर्वी ९० दिवस आधीच तो देता येतो, ही गोष्ट आपल्याकडे प्रत्येकाला तोंडपाठ असते. ग्रीन कार्डाच्या रांगेत दहा-बारा वर्षे ज्याने प्रायॉरिटी डेटचा, म्हणजे रांगेतला आपला क्रम ठरवणाऱ्या तारखेचा, तक्ता दर महिन्याला पंचांगासारखा वाचलेला आहे, त्याला ९० दिवस मोजायला शिकवावे लागत नाही. मात्र याच अर्जात गेल्या पाच वर्षांतले सगळे पत्ते, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, मध्ये फट न ठेवता लिहायचे असतात. येथे विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरलेल्या माणसाची खरी परीक्षा असते, आणि येथेच माझा सल्ला असा की कागद अजिबात शोधू नयेत, सर्व आठवणीने लिहावे.

आठवण ही फार उदार गोष्ट आहे. मी स्वतः सहा अपार्टमेंटे बदलली होती आणि अर्जाच्या दिवशी मला त्यांतली चारच आठवली. पाचवे पत्नीला आठवले, कारण तिथला ओव्हन चालत नव्हता. सहावे शेवटी ऑनलाइन खरेदीच्या जुन्या यादीत सापडले. प्रेशर कुकरची शिट्टी आणि गास्केट कोणत्या पत्त्यावर मागवले होते, यावरून आम्ही आमच्या आयुष्यातले आठ महिने पुन्हा उभे केले. ज्या दुकानाला आमच्या गास्केटपुरता आमचा पत्ता ठाऊक होता, तोच आमच्या नागरिकत्वाचा निर्णय करणाऱ्या खात्याला ठाऊक नव्हता, आणि त्याला जबाबदार मी सोडून दुसरे कोणी नव्हते. पण हा माझा खाजगी कमकुवतपणा झाला. तुम्ही बेधडक लिहा. आयकराच्या विवरणपत्रावर एक पत्ता, वाहन परवान्यावर दुसरा, भाडेकरारावर तिसरा आणि एन-४०० वर चौथा असला, तर फार तर अधिकारी तुम्हाला व्यापक अनुभव असलेला माणूस समजेल.

१० दिवस उलटून गेल्यावर काय करावे, असे पुष्कळजण विचारतात. काहीही करू नये. उशिरा का होईना पण कळवून टाकावे, आजच बसून जुने सगळे बदल नोंदवावेत, असा बेचव सल्ला वकील देतात आणि त्यासाठी तासाचे पैसे घेतात. त्याउलट माझ्या पद्धतीत एक शास्त्र आहे. पत्ता न कळवल्याबद्दल कायद्याने दंड (मूळ कलमात तो २०० डॉलरपर्यंत आहे) किंवा ३० दिवसांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे, आणि त्याखेरीज हद्दपारीचीही तरतूद आहे. मात्र कसूर मुद्दाम केलेली नव्हती किंवा तिला सयुक्तिक कारण होते असे दाखवता आले, तर हद्दपारीतून सुटका होऊ शकते. म्हणजे विसरणे आणि जाणूनबुजून टाळणे यांत कायदा फरक करतो. तेव्हा विसरण्याचा आळशीपणा करू नका. मित्राला स्वच्छ अक्षरांत लिहून पाठवा की ‘ते एआर-११ भरायचे आहे ते माहीत आहे, पण कोण विचारतंय, नंतर बघू’, आणि तो संदेश जपून ठेवा. इतका नेटका पुरावा सरकारी वकिलालाही स्वतःहून तयार करता आला नसता.

‘कोण विचारतंय’ या सिद्धान्ताला इतिहासाचा भक्कम आधार आहे, हे मात्र मान्य करायला हवे. १९४० साली परकीयांची नोंदणी सुरू झाली ती देशभरच्या पोस्ट ऑफिसांतून. पुढे कित्येक वर्षे प्रत्येक परकीयाने, घर बदललेले असो वा नसो, दर जानेवारीत आपला पत्ता सरकारला कळवायचा असे. संक्रांतीला तिळगूळ आणि सरकारला पत्ता, असा तो काळ. वार्षिक हजेरीचा हा प्रकार १९८१च्या कायदा-दुरुस्तीने बंद झाला, बदल कळवण्याचा नियम मात्र राहिला आणि सर्वांनी तो सुखाने विसरून टाकला. मग २००१च्या हल्ल्यांनंतर, २००२च्या उन्हाळ्यात, न्याय खात्याला त्याची अचानक आठवण झाली आणि त्याची कडक अंमलबजावणी करण्याचा मनोदय जाहीर झाला. घाबरलेल्या लोकांनी इतके फॉर्म पाठवले की ते नोंदवून घेणे खात्याला झेपेना. पत्ताबदलाच्या कागदांची खोकीच्या खोकी कॅन्सस सिटीजवळच्या जमिनीखालच्या साठवणुकीत, नोंद न होता, पडून असल्याच्या बातम्या त्याच वर्षी आल्या. लोकांचे पत्ते मागून घ्यायचे आणि ते पाताळात नेऊन ठेवायचे, हे आपल्या तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूमला शोभेसे कर्तृत्व पाहून मला त्या देशाबद्दल प्रथमच आपलेपणा वाटला. तुम्हीही २००२ सालच्या या बातमीवर विसंबून राहा. संगणक आल्यावर खोकी लागत नाहीत आणि दोन नोंदी शेजारी ठेवून पाहायला कोणाला पाताळात उतरावे लागत नाही, हा तपशील सोडून द्यावा.

राज्य बदलणाऱ्यांसाठी खास युक्ती आहे. अर्ज देण्यापूर्वी किमान तीन महिने त्या राज्यात किंवा खात्याच्या त्या विभागात वास्तव्य असावे लागते. समजा तुम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनहून टेक्सासला महिन्यापूर्वी गेलात. पामर मनुष्य आणखी दोन महिने थांबेल. तुम्ही एडिसनच्या मित्राचा पत्ता ‘राहण्याचा पत्ता’ म्हणून टाका. टपालासाठी वेगळा पत्ता देण्याची सोय त्या अर्जातच आहे, पण सोयीचा रास्त वापर करण्यात काय गंमत? अर्जावरची सही खोटे लिहिल्यास शिक्षा होईल या अटीवर असते, मुलाखतीत हात वर करून शपथ घ्यावी लागते, आणि नागरिकत्वाची एक अट सदाचार ही आहे. त्यामुळे दोन महिन्यांची प्रतीक्षा वाचवण्यासाठी शपथेवर खोटे बोलणे, हा सदाचार सिद्ध करण्याचा थेट मार्ग होय. मित्राच्या घरी आलेली पत्रे तो तुम्हाला फोटो काढून पाठवील, या त्याच्या शब्दावर पूर्ण भरवसा ठेवा. गेल्या दिवाळीत नेलेला आपला चकलीचा सोऱ्या त्याने अजून परत केलेला नाही, याकडे लक्ष देऊ नका.

शिवाय ऑगस्ट २०२५ मध्ये खात्याने शेजारपाजारच्या चौकशीची जुनी तरतूद पुन्हा वापरात आणण्याचे जाहीर केले आहे. कायद्यात ती होतीच, फक्त गेली तीसेक वर्षे ती बाजूला ठेवलेली होती. म्हणजे अर्जदार जिथे राहिला आणि जिथे नोकरी केली, तिथल्या लोकांकडे त्याच्याविषयी विचारणा होऊ शकते, किंवा शेजाऱ्यांची नि सहकाऱ्यांची पत्रे मागितली जाऊ शकतात. आपल्या वाड्यात किंवा चाळीत ही चौकशी पाच मिनिटांत आणि नको तितक्या तपशिलासह पूर्ण झाली असती. येथे पाच वर्षांत ज्या शेजाऱ्याशी तुमचे एकूण संभाषण कचऱ्याच्या गाडीच्या वारापुरते झाले आहे, तो तुमच्याबद्दल काय सांगणार? आणि एडिसनच्या त्या पत्त्याभोवती तुम्ही राहतच नसाल, तर तो बिचारा प्रामाणिकपणे सांगेल की असा कोणी माणूस त्याने पाहिलेला नाही. थांगपत्ता लागू न देण्याची कला येथे पूर्णत्वास जाते.

अर्ज दिल्यानंतर घर बदलणे हा तर कळसच म्हणायचा. बोटांच्या ठशांचे बोलावणे जुन्या घरी जाते, तुम्ही हजर राहत नाही, आणि तुम्ही अर्ज सोडून दिला असे धरले जाऊ शकते. मुलाखतीचे पत्र हुकले तरी तेच. प्रकरण बाजूला पडते, आणि ते पुन्हा उघडण्याची विनंती वर्षभरात केली नाही तर बाद होते. यात एक मोठी सोय आहे. परीक्षेसाठी पाठ केलेले घटनेचे प्रश्न विसरायला तुम्हाला पुरेसा अवधी मिळतो, आणि ७००हून अधिक डॉलरचे शुल्क पुन्हा भरून सगळा सोहळा नव्याने करता येतो.

एवढे सगळे करूनही एखाद्या दयाळू अधिकाऱ्याने तुमचे जुने पत्ते समोर बसवून दुरुस्त करून घेतले आणि तुम्हाला शपथ दिली, असेही घडते. माझ्या बाबतीत तसेच घडले. नागरिकाला एआर-११ लागत नाही. आता कितीही घरे बदला, खात्याला कळवण्याचा प्रश्न उरला नाही, या आनंदात तुम्ही आई-वडिलांसाठी अर्ज कराल, त्यांच्या निर्वाहाची हमी लिहून द्याल, ते सांगलीहून ग्रीन कार्डावर येतील, आणि त्यांना जिने चढवत नाहीत म्हणून तुम्ही खाली खोली असलेले मोठे घर घ्याल. हमी देणाऱ्याने आपला बदललेला पत्ता ३० दिवसांत आय-८६५ या फॉर्मवर कळवायचा असतो, नाहीतर दंड २५० डॉलरपासून सुरू होतो. आणि आई-वडिलांचे प्रत्येकी एक एआर-११, ते पुन्हा १० दिवसांत. वडिलांजवळ विषय काढलात तर ते म्हणतील, “अरे, पन्नास वर्षांत मी एकदाही पत्ता बदलला नाही. मुक्काम पोस्ट लिही, मारुतीच्या देवळामागे लिही, पोचतं.” त्यांच्या शब्दाबाहेर जाऊ नये. फॉर्ममध्ये देवळासाठी रकाना सापडेपर्यंत काम पुढे ढकलावे, आणि तोवर सत्यनारायणाचे निमंत्रण गटावर टाकून घ्यावे.