गोव्याला निघायच्या आधी आई-बाबांना सिक्युरिटी चेक समजावून सांगा

मंडळी, थोडं मोठं लिहितेय, पण ज्यांच्या घरी यंदा गोव्याचा बेत ठरलाय आणि सोबत आई-बाबा किंवा सासू-सासरे येणार आहेत त्यांनी प्लीज शेवटपर्यंत वाचा.

आपल्याकडे कितीतरी घरांत म्हाताऱ्या माणसांचा पहिला विमानप्रवास हा मुंबई-गोवा नाहीतर पुणे-गोवाच असतो. मुलं तिकिटं काढतात, हॉटेल बीचपासून किती लांब ते बघतात, आईसाठी हौसेने पलाझो आणि टोपी घेतात, आणि सिक्युरिटी चेकबद्दल मात्र घरात कुणी एक अक्षर बोलत नाही. मग व्हायचं ते तिथे रांगेत होतं. ट्रे पुढे सरकतोय, मागे लोक खोळंबलेत, आईला कळत नाहीये पर्स कुठे ठेवायची, मोबाईल हातात धरायचा की ट्रेमध्ये, आणि मुलगा सगळ्यांसमोर ओरडतो, अगं ठेव ना पटकन, किती वेळ लावतेस. हे मी अनेकदा बघितलंय आणि दर वेळी पोटात कालवतं. तिला कुणी सांगितलेलंच नसतं हो. तिची काय चूक? मला अगदी मनापासून वाटतं की बॅग भरायला काढली की त्याच संध्याकाळी घरातल्या मोठ्यांना शेजारी बसवून सगळं क्रमाने सांगावं, तिथे काय होणार, कोण काय विचारणार, काय काढून ठेवावं लागणार. पंधरा मिनिटं लागतात. शांतपणे ऐकतात ती.

आता सामान. आपली गोव्याची ट्रिप म्हणजे नुसता समुद्र नसतो, बऱ्याच जणांचं कुलदैवत तिकडे आहे, मंगेशी, कवळ्याची शांतादुर्गा, म्हार्दोळची म्हाळसा. म्हणजे बॅगेत एका बाजूला सनस्क्रीन आणि पोरांचे स्विमिंग कॉश्च्यूम, आणि दुसऱ्या बाजूला सासूबाईंची पूजेची पिशवी. त्या पिशवीत काय असतं? कापूर, काडेपेटी, ओटीचा नारळ. हे तिन्ही अडकणारं आहे. कापूर चटकन पेट घेतो म्हणून तो हँडबॅगेत नाही आणि काउंटरवर देतो त्या मोठ्या, म्हणजे चेक-इन बॅगेतही नाही. काडेपेटी आणि लायटर आपल्या एअरपोर्टवर कुठल्याच बॅगेत चालत नाहीत. नारळाचं लोकांना सगळ्यात जास्त आश्चर्य वाटतं, त्यात काय धोका म्हणून वाद घालतात, पण सुक्या खोबऱ्यात तेल एवढं असतं की ते आपोआप तापून पेटू शकतं, त्यामुळे विमानवाहतुकीच्या नियमांत ते धोकादायक मालात मोडतं. २०२४ साली शबरीमलाच्या यात्रेकरूंना इरुमुडीतला, म्हणजे ते डोक्यावर नेतात त्या पूजेच्या गाठोड्यातला नारळ सोबत न्यायला मुद्दाम खास परवानगी द्यावी लागली होती, तीसुद्धा २० जानेवारी २०२५ पर्यंतच. म्हणजे एरवी हँडबॅगेतून नाहीच. ओटीचं सामान देवळाबाहेर सगळं मिळतं, तिथेच घ्या. हे आधी घरी सांगितलं तर सासूबाईंना पटतं. एअरपोर्टवर अनोळखी माणसाने पूजेच्या पिशवीतून नारळ काढून बाजूला ठेवला की त्यांच्या मनाला लागतं, आणि ते त्यांच्या पूर्ण ट्रिपभर डोक्यात राहतं.

आजोबांच्या पानाच्या डब्यातला अडकित्ता आठवणीने काढून मोठ्या बॅगेत टाका. फळं कापायची सुरी, शिवणाची कात्री पण तिकडेच. तिखटाची पुडी पण हँडबॅगेत नको. आणि घरात मारायचा डासांचा स्प्रे अजिबात नेऊ नका, अंगाला लावायचं डासांचं क्रीम घ्या. पोरांच्या वाळूत खेळायच्या प्लॅस्टिकच्या बादल्या आणि फावडी मी सरळ मोठ्या बॅगेत टाकते, वर जागा तरी कशाला अडवायची.

सनस्क्रीनबद्दल फार गोंधळ आहे. ते १०० एमएलचं जे सगळे सांगतात ते इंटरनॅशनलला कडक आहे, प्रत्येक बाटली १०० एमएलपर्यंतची आणि सगळ्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. म्हणजे तुम्ही फुकेत नाहीतर बालीला जात असाल तर २०० एमएलची अर्धी संपलेली ट्यूब पण जाणार नाही, कारण ट्यूब केवढी ते बघतात, आत किती उरलंय ते नाही. डोमेस्टिकला पाण्याची बाटली पण नेता येते, तेवढी सक्ती नाही, तरी मोठ्या बाटल्या आणि सनस्क्रीनचे स्प्रे चेक-इन बॅगेत टाकलेले बरे. हा नियम कुठून आला ते माहितीये का, ऑगस्ट २००६ मध्ये लंडनला एक कट पकडला गेला, सरबताच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं विमानात न्यायचा डाव होता. तेव्हापासून जगभर हे सुरू झालं.

पॉवर बँक नेमकी उलटी, ती फक्त हँडबॅगेत. लोक जड लागते म्हणून मोठ्या बॅगेत टाकतात आणि मग नाव पुकारलं जातं, बॅग उघडायला बोलावतात, धावपळ होते. लिथियमची बॅटरी बिघडली की ती भडकत जाते, केबिनमध्ये निदान कुणाच्या लक्षात तरी येतं, खाली सामानात पेटली तर हात पोचत नाही. १०० वॉट-अवरपर्यंत (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप) चालते, त्याच्या वर १६० पर्यंत एअरलाइनची परवानगी लागते. नेहमीची २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-अवर भरते, काळजी नाही, पण तिच्यावरचा आकडा वाचता आला पाहिजे. आकडा पुसून गेलेला असेल तर ती घरीच ठेवा.

आणि लाडू! प्रत्येक मराठी बॅगेत एक स्टीलचा डबा असतोच. एक्स-रेच्या पडद्यावर वस्तू रंगात दिसतात, धातू निळा, आणि सेंद्रिय पदार्थ म्हणजे खाणं, साबण, कागद वगैरे नारिंगी. बरीच स्फोटकं सेंद्रियच असतात म्हणजे ती पण नारिंगी. आता त्या पडद्यासमोर बसलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा, निळ्या डब्याच्या आत घट्ट नारिंगी गोळे, त्याच्यावर चार्जर आणि वायरींचं भेंडोळं. तो बॅग बाजूला घेणारच ना, घेतलीच पाहिजे त्याने. लॅपटॉप बाहेर काढायला लावतात त्याचं कारण पण हेच, जाड वस्तूखाली काय दडलंय ते दिसत नाही. म्हणून डबा आणि वायरी एकमेकांवर ठेवू नका, खाऊ जमलं तर पारदर्शक डब्यात भरा आणि सगळ्यात वर ठेवा, उघडायला लावलं तर दोन सेकंदांत उघडता येतो, कपडे उपसावे लागत नाहीत.

आमचे सासरे आधी खूप चिडायचे, आम्ही काय चोर आहोत का म्हणून. त्यांना नियमांची यादी वाचून दाखवून काही उपयोग झाला नाही. मग मी त्यांच्याशी कंदाहारबद्दल बोलले. डिसेंबर १९९९ चं ते विमानाचं अपहरण त्यांना दिवसागणिक आठवतं, टीव्हीसमोर बसून काढलेले ते दिवस. त्यानंतर २००० मध्ये जयपूरपासून सुरुवात करून एअरपोर्टची सुरक्षा सीआयएसएफकडे, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे यायला लागली. एअर इंडियाच्या कनिष्क विमानाची आठवण त्यांनीच काढली, २३ जून १९८५, ३२९ माणसं गेली, आणि बॉम्ब होता तो अशा बॅगेत जिचा मालक विमानात चढलाच नव्हता. 'ही बॅग तुमचीच का, कुणी काही दिलंय का' हे विचारतात ते कशासाठी, हे मग सांगावं लागलं नाही. आता ते स्वतःहून बेल्ट काढून ट्रेमध्ये ठेवतात. मोठ्या माणसांना कारण सांगितलं की ती आपल्यापेक्षा जास्त शिस्तीने वागतात, हे मी बघितलंय.

आयांना एक गोष्ट नक्की सांगा, बायकांची तपासणी पडद्याआड बाईच करते. त्या बारक्या स्टुलावर उभं राहायचं, हात बाजूला करायचे, मशीन अंगाजवळून फिरतं, मंगळसूत्र बांगड्यांना वाजलं तरी घाबरायचं नाही. हे माहीत नसल्यामुळे कित्येक बायका संकोचाने आकसून जातात. पेसमेकर असेल तर कार्ड हातात ठेवा आणि आधीच सांगा, गुडघ्यात सळी किंवा वाटी बसवली असेल तर ते पण. आणि ज्यांना कृत्रिम पाय आहे त्यांच्याबद्दल मला खरंच कळकळीने लिहायचंय. ऑक्टोबर २०२१ मध्ये नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी व्हिडिओ टाकून विनंती केली होती की दर वेळी आम्हाला कृत्रिम पाय काढायला लावू नका, सीआयएसएफने तेव्हा दिलगिरी व्यक्त केली. एवढ्या नावाजलेल्या बाईला हे बोलावं लागलं तर साध्या माणसाने काय करायचं? तपासणी हवीच, पण माणसाचा मान राखून करता येते, आणि घरच्यांनी अशा वेळी लाजून गप्प न बसता शांतपणे बाजूला घेऊन तपासा म्हणून सांगावं, वरिष्ठांना बोलवा म्हणावं. तो आपला हक्क आहे.

जवानांशी पण नीट बोला रे. दिवसभर हजारो बॅगा बघायच्या आणि प्रत्येकाला तेच तेच सांगायचं, सोपं नाहीये ते.

येतानाचं थोडक्यात. फेणी आणायची असेल तर दुकानातली सीलबंद बाटली, चेक-इन बॅगेत, माणशी पाच लिटरपर्यंत. ओळखीच्या माणसाने प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून दिलेली चालणार नाही. काजू, बेबिंका खुशाल आणा. कोकमाचं आगळ नीट बंद करून मोठ्या बॅगेत. अंदमानला जाणाऱ्यांनी किनाऱ्यावरचा प्रवाळाचा तुकडा किंवा शंख उचलून आणू नका, पोरांचे खिसे पण बघा, वन्यजीव कायदा लागतो त्याला आणि तिथे एअरपोर्टवर सामानात शोधतात.

आणि निघायच्या आदल्या रात्री तिकिटावर एअरपोर्टचं नाव बघा. गोव्यात आता दोन आहेत, दाबोळी आणि मोपा, मोपाहून जानेवारी २०२३ पासून विमानं सुटतात. दोघांत रस्त्याने साधारण साठ किलोमीटरचं अंतर आहे, चुकीच्या ठिकाणी पोचलात तर सहसा फ्लाइट जातंच. मुंबईकरांनो, आता नवी मुंबईहून पण विमानं सुटतात, तेव्हा जातानाचं पण बघा. काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं. ज्येष्ठ सोबत असतील तर दोन-अडीच तास हातात ठेवा, व्हीलचेअर लागणार असेल तर तिकीट काढतानाच सांगून ठेवा, आणि रांगेत आईला पुढे उभं करा, तुम्ही तिच्या मागे, म्हणजे तिचा ट्रे तुम्हाला भरून देता येतो.

कुणाला एखाद्या वस्तूबद्दल शंका असेल तर विचारा खाली, माहीत असेल ते सांगते, नाहीतर एअरलाइनच्या साइटवर बघून सांगते.