खुलासा : संशोधन केवळ प्रयोगशाळेतच होते, हा समज चुकीचा आहे

‘विद्यापीठांतले खरे संशोधन विज्ञानशाखांतच होते, बाकीचे अभ्यासक जुन्या पुस्तकांवरून नवे पुस्तक लिहितात’ अशा आशयाचा मजकूर सध्या फिरत आहे. तो वस्तुस्थितीला धरून नाही.

संशोधनाच्या मोजणीसाठी अनेक देश वापरतात त्या ‘फ्रास्काती’ नियमावलीच्या २०१५ च्या आवृत्तीत पाच कसोट्या आहेत : नावीन्य, सर्जनशीलता, निष्कर्षाची अनिश्चितता, पद्धतशीरपणा आणि इतरांना पडताळता येणे. त्यांत प्रयोगशाळेची अट नाही. मानव्यविद्यांचा, म्हणजे भाषा, इतिहास यांसारख्या विषयांचा, समावेश मात्र स्पष्टपणे आहे.

ग्रीसच्या क्रीट बेटावर १९०० मध्ये सापडलेल्या ‘लिनियर बी’ या प्राचीन लिपीचेच पाहा. ब्रुकलिन कॉलेजच्या ॲलिस कोबर यांनी १९४० च्या दशकात हजारो कागदी कार्डांवर चिन्हांच्या नोंदी करून या लिपीतल्या अज्ञात भाषेत शब्दांची रूपे प्रत्ययांनी बदलतात, हे दाखवले. १९५२ मध्ये, व्यवसायाने वास्तुविशारद असलेल्या मायकेल व्हेंट्रिस यांनी ती भाषा ग्रीक असल्याचे ओळखले आणि लिखित ग्रीकचा इतिहास काही शतके मागे गेला. हे काम जुनी पुस्तके चाळून झालेले नाही, आणि त्यातला संयम कोणत्याही प्रयोगाइतकाच आदरणीय आहे, असे मला मनापासून वाटते.

पद्धती मात्र वेगळ्या असतात. भौतिकशास्त्रातल्या हिग्ज या मूलभूत कणाच्या वस्तुमानावरील २०१५ च्या शोधनिबंधाला पाच हजारांहून अधिक लेखक होते, तर इतिहासाचा ग्रंथ बहुधा एकटा अभ्यासक अनेक वर्षे खपून लिहितो. त्यामुळे दोघांची तुलना निबंधांच्या संख्येवरून करता येत नाही.