बाद केलेल्या डीव्हीडी

आज संध्याकाळी लायब्ररीत गेले आणि डोकं फिरलं. देवघेव काउंटरच्या बाजूला तीन खोकी, त्यात डीव्हीडी कशाही कोंबलेल्या. कपाट रिकामं. विचारलं तर उत्तर आलं, "बाद केल्या मॅडम. आता सगळं मोबाइलवर मिळतं. नेतं कोण?"

मी नेते! दर शनिवारी नेते!

आणि "सगळं मिळतं" हे कुणी ठरवलं? कंपनीचा करार संपला की सिनेमा रातोरात गायब होतो. अर्धा बघून ठेवला असला तरी गायब. आपण दरमहा पैसे भरतो आणि हातात काहीच नसतं. लायब्ररीच्या कपाटातली डबी अशी पळून जात नाही. फार तर दुसऱ्या कुणीतरी नेलेली असते, आठवड्याने परत येते.

माझ्या बाबांना शेवटची दोन वर्षं जवळजवळ ऐकू येत नव्हतं. मशीन लावलं की नुसता गोंगाट होतो म्हणायचे. टीव्ही लागला की उठून आत जायचे. त्या काळात एकदा मी 'आय लव्ह लूसी' या जुन्या अमेरिकन विनोदी टीव्ही मालिकेची डबी उचलून आणली, फारसा विचार न करता. त्यात तो 1952 सालचा भाग होता, चॉकलेटच्या कारखान्याचा. पट्ट्यावरून चॉकलेटं येतायत, वेग वाढत चाललाय, आणि लूसी आणि तिची मैत्रीण ती तोंडात, टोपीत, झग्यात कोंबतायत. एक शब्द ऐकू यायची गरज नाही. बाबा आधी खुर्चीच्या कडेवर बसले होते, उठायच्या तयारीत. मग मागे टेकले. मग असे हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "परत लाव," म्हणाले. त्या रात्री चार वेळा लावला.

मला नंतर कळलं की ती मालिका तीन कॅमेऱ्यांनी, 35 मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित केली होती. त्या काळातले कितीतरी कार्यक्रम थेट प्रसारित व्हायचे आणि मागे उरायची ती टीव्हीच्या पडद्यावरून टिपलेली धुरकट नक्कल. ही मात्र फिल्मवर होती, म्हणून सत्तर वर्षांनीही चेहऱ्यावरची रेघन् रेघ दिसते. बाबा ते चेहरे वाचत होते. कान गेलेल्या माणसाला चेहरा स्पष्ट दिसणं म्हणजे काय, हे खोकी भरणाऱ्यांना कसं समजावू?

हो, ओरखडे पडतात. आमच्या डबीतली एक डिस्कही मध्येच अडकायची. मऊ फडक्याने मधून कडेकडे सरळ पुसायची, गोल गोल नाही, की बहुतेक वेळा चालायची. आणि हो, आता पुष्कळांच्या घरी प्लेयर नाही, हेही मान्य. पण म्हणून ठेवाच बाद करायचा?

कुणीतरी ठेवलं म्हणूनच गोष्टी उरतात हो. बीबीसीने साठ-सत्तरच्या दशकांत स्वतःच्याच मालिकांच्या टेप पुसून टाकल्या. 'डॉक्टर हू' या विज्ञानकथा मालिकेचे कितीतरी भाग त्यात गेले. त्यातले नऊ 2013 साली परत मिळाल्याचं जाहीर झालं. कुठे सापडले? परदेशात दाखवायला पाठवलेल्या फिल्मच्या प्रतींत, नायजेरियातल्या एका टीव्ही केंद्रात. तिथे कुणी ती रिळं फेकली नव्हती, एवढंच.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय, म्हणून सांगते, काउंटरवरच्या ताईंचा यात दोष नाही. त्यांना वरून आदेश आला. याच ताई बाबांसाठी ती डबी मला तीन-तीनदा वाढवून द्यायच्या. नियमात एकदाच बसायचं. घरी बाबा विचारायचे, "शनिवार आला का?" म्हणजे परत करायची का. मी मान हलवली की त्यांचा चेहरा पडायचा, आणि "नाही, वाढवून घेतलीय" असं पाटीवर लिहून दाखवलं की लगेच प्लेयरकडे बोट. परतीची तारीख होती म्हणून आम्ही रोज रात्री एकत्र बसलो. मोबाइलवरच्या यादीत टाकून ठेवलेलं मी आजवर काही पाहिलेलं नाही.

आज त्या खोक्यात मी हात घातला. तिसऱ्या खोक्यात तळाशी ती डबी सापडली. कोपरा फुटलेला आणि त्यावर बाबांनी लावलेली चिकटपट्टी, पिवळी पडलेली. मला तिथेच रडू आलं. विकत द्या म्हटलं, तर बाद केलेली वस्तू देता येत नाही म्हणे. फेकता येते, देता येत नाही!

उद्या सकाळी दहाला मी लेखी अर्ज घेऊन जातेय. सगळी कपाटं नकोत, एक तरी राहू द्या, एवढंच लिहिलंय. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे तिथलं कार्ड आहे त्यांनी सही करायला या, आणि प्लेयर असेल तर येताना एखादी डीव्हीडी मागा. नोंद व्हायला हवी. ताईंनी ती डबी टेबलाच्या खणात ठेवलीय, उद्यापर्यंत.