कॅल्शियमच्या गोळ्या आणि उंची: एका कमेंटला जरा मोठं उत्तर

नमस्कार, तुमची कमेंट वाचली. हाड कॅल्शियमचं असताना मी उंचीवरची अख्खी पोस्ट कूर्चेवर (म्हणजे हाडापेक्षा मऊ, लवचिक अशा कार्टिलेजवर) का लिहिली, आणि ‘कॅल्शियमने उंची वाढत नाही’ असं लिहून मी आईबापांना उगाच घाबरवतोय असं तुम्ही म्हणता. पण ते वाक्य मी मागे घेणार नाही, का ते सांगतो.

हाताच्या-पायाच्या लांब हाडांच्या टोकांजवळ ग्रोथ प्लेट असते ती कूर्चेची, आणि लांबी वाढते ती तिथेच. तिथल्या पेशी आधी विभागतात, रांगा लावतात, मग चांगल्या टम्म फुगतात (लांबीतला मोठा वाटा या फुगण्याचाच असतो, हे फारसं कुणी सांगत नाही), त्यानंतर त्यांच्याभोवती कॅल्शियम बसतं, रक्तवाहिन्या आत शिरतात आणि कूर्चेच्या जागी हाड येतं. म्हणजे कॅल्शियमचा नंबर शेवटी. ते किंवा व्हिटॅमिन डी कमी पडलं तर मुडदूस होतो, पाय वाकतात, तिथे उपचार हवेतच हो, पण ज्याला पुरेसं मिळतंय त्याला वर अजून दिलं म्हणून पेशी जास्त विभागत नाहीत.

किती विभागायचं ते सिग्नल ठरवतात. फुगायला निघालेल्या पेशी ‘इंडियन हेजहॉग’ नावाचं प्रोटीन सोडतात, त्यामुळे हाडाच्या टोकाकडे पीटीएचआरपी नावाचं दुसरं प्रोटीन तयार होतं आणि ते बाकीच्या पेशींना लवकर फुगू देत नाही. हे 1996 मध्ये कोंबडी आणि उंदरांच्या गर्भांवर दाखवलं गेलं. पेशींवरचा एफजीएफआर3 नावाचा रिसेप्टर (सिग्नल पकडणारं प्रोटीन) हा वाढीचा ब्रेक. अकॉन्ड्रोप्लेसिया या जन्मजात बुटकेपणाच्या आजारात तो जास्तच लागतो, म्हणून हातपाय आखूड राहतात, तिथे कॅल्शियम काय करणार? 2021 मध्ये मंजूर झालेलं व्होसोरिटाइड हे औषध हा ब्रेकच सैल करतं.

आणि मुलग्यांची वाढ टेस्टोस्टेरॉन थांबवतं असं तुम्ही लिहिलंय, तर तसं थेट नाही, मुलग्यांतही प्लेट बंद होते ती मुख्यतः इस्ट्रोजेन या हार्मोनमुळे. 1994 मध्ये एका 28 वर्षांच्या माणसाची केस छापून आली, त्याच्या शरीरात इस्ट्रोजेनचा रिसेप्टरच चालत नव्हता, टेस्टोस्टेरॉन नॉर्मल, उंची 204 सेंटिमीटर आणि प्लेट अजून उघड्याच!

राहिला तुमचा 17 वर्षांचा पुतण्या, बारला लटकून आणि टॉनिक घेऊन त्याची उंची वाढेल का हा प्रश्न. लटकून मणक्यांमधल्या चकत्या थोडा वेळ ताणल्या जातात, तेवढंच. टॉनिकवर पैसे घालण्याआधी डॉक्टरांना दाखवा आणि ते म्हणाले तर डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून घ्या, प्लेट बंद झाल्यात की नाही ते त्यात कळेल.