एक्स-रे एकदम नॉर्मल!

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू बाथरूममध्ये घसरल्या आणि मनगट मोडून घेतलं, तर काय तो थाट! पांढरंशुभ्र प्लास्टर, गळ्यात झोळी, दोन्ही वेळचा डबा लेकीकडून, बघायला येणाऱ्यांची रीघ आणि नातवाने प्लास्टरवर स्केचपेनने काढलेला डायनासोर. मी पण गेले, खोटं कशाला बोलू, शहाळं घेऊन गेले आणि जळत परत आले. कारण माझा डावा खांदा कित्येक महिने रात्र रात्र ठणकतोय आणि मला कुणी साधं केळं आणून दिलेलं नाही.

फ्रोझन शोल्डर झालाय मला. या आजाराचा सगळ्यात मोठा प्रॉब्लेम म्हणजे तो दिसत नाही. सूज नाही, जखम नाही, चालताना लंगडणं नाही. साडी नेसून लग्नाला गेलं की माणूस ठणठणीत, फक्त ती साडी नेसताना पदर खांद्यावर टाकायला डोळ्यात पाणी आलेलं असतं ते कुणाला कळणार. कुर्त्याची चेन मागे द्यायची कल्पना ज्याला सुचली त्याला एकदा हा आजार व्हावा एवढीच इच्छा आहे. लोकलमध्ये वरची कडी धरायला हात जात नाही म्हणून जरा बसायला सरकता का विचारलं तर समोरची बाई आधी पायांकडे बघते, मग पोटाकडे, आणि काहीच सापडलं नाही की खिडकीबाहेर.

ऑर्थोपेडिककडे गेले तेव्हा वाटलं, चला, आता पुरावा मिळेल. डॉक्टर म्हणाले हात वर करा, झाला तेवढा केला. मग म्हणाले सैल सोडा, मी उचलतो. आणि त्यांनाही तो उचलेना! मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, एवढा दांडगा माणूस, त्यालाही जमेना. हीच म्हणे खूण, स्वतः उचला नाहीतर दुसऱ्याने उचला, सांधा ठरावीक जागी अडतो म्हणजे अडतो. खांद्याच्या सांध्याभोवती जे मऊ आवरण असतं ते सुजतं, जाड होतं आणि आक्रसतं, त्यामुळे आतलं हाड चांगलं असून फिरायला जागाच उरत नाही. एक्स-रेत दिसतात हाडं, आवरण दिसत नाही. त्यामुळे रिपोर्ट आला एकदम नॉर्मल. ह्यांनी तो उजेडासमोर धरून बघितला आणि म्हणाले, "बघ, मी म्हणत होतो ना, काही नाहीये." त्या दिवशी हात वर होत असता तर काय झालं असतं सांगता येत नाही.

1852 साली मॅथाइसन नावाच्या एका डच लष्करी डॉक्टरने प्लास्टरची पट्टी शोधली आणि मोडलेल्या हाडवाल्यांची कायमची सोय झाली. आमच्या आजाराला फ्रोझन शोल्डर हे नाव 1934 मध्ये अर्नेस्ट कॉडमन या अमेरिकन सर्जनने दिलं, आणि त्यानेच कबूल करून टाकलं की हा नीट सांगताही येत नाही, त्यावर इलाज करणंही अवघड आणि का होतो तेही समजावता येत नाही. आता नाव देणाऱ्यानेच हात टेकल्यावर आम्ही सोसायटीच्या मीटिंगमध्ये काय सांगायचं?

बरं प्लास्टर नाही म्हणून सल्ले नाहीत असं मात्र नाही हं. सासूबाई म्हणतात आम्ही पाट्यावर वाटायचो म्हणून आमचे खांदे शाबूत. ऑफिसातल्या मॅडमनी महानारायण तेलाची बाटली दिली, जाऊबाईंनी निर्गुडीचा पाला पाठवला, आणि एका मावसदिरांना असा माणूस माहितीये जो एकच झटका देतो आणि खांदा मोकळा! मी डॉक्टरांना विचारलं तर त्यांचाच चेहरा गोठला. हात हलवून सांधा मोकळा करतात, पण तो ऑपरेशन थिएटरमध्ये, भूल देऊन, आणि बाकीचे उपाय थकल्यावर, मावसदिरांच्या ओसरीवर नाही.

सध्या फिजिओ चालू आहे. तिथली मुलगी माझ्या लेकीएवढी, गोड बोलते आणि जीव काढते. आधी शेक, मग करंटचे पॅड, इथपर्यंत लाड, आणि मग "काकू, श्वास सोडा, अजून थोडंसं" म्हणत हात बाहेरच्या बाजूला वळवते, ते थोडंसं संपतच नाही. घरचा अभ्यास वेगळा. वाकून हात लोंबता सोडून झुलवायचा, टॉवेल पाठीमागून ओढायचा आणि भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची, जिथे थांबतील तिथे पेन्सिलने खूण. हॉलच्या भिंतीवर त्या खुणा बघून कामवाल्या मावशींनी विचारलं, "वहिनी, घरात लहान मूल आलंय का?" बरं व्हायला एक ते तीन वर्षं लागू शकतात म्हणे, म्हणजे तोपर्यंत ते मूल बालवाडीत जाईल.

मध्यंतरी डॉक्टर म्हणाले सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन देऊ, पण आधी शुगर बघू, कारण डायबेटिसवाल्यांना हे दुखणं जास्त होतं आणि स्टिरॉइडने शुगर काही दिवस वर जाते. तर तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी ती एचबीएवनसी टेस्ट आली 6.1, म्हणजे अजून डायबेटिस नाही पण उंबरठ्यावर. आकडा ठळक अक्षरात! अखेर एका रिपोर्टमध्ये काहीतरी निघालं, मी जवळजवळ आनंदाने तो ह्यांच्या हातात दिला, म्हटलं आता तरी. ह्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला, गंभीर झाले, आणि माझी विचारपूस करायच्या ऐवजी तडक स्वयंपाकघरात गेले. लेकीचा फोन आला, सासूबाईंनी चहातली साखर बंद केली, तिसऱ्या मजल्यावरच्या काकू त्याच प्लास्टरच्या हाताने कारल्याचा रस घेऊन आल्या.

बेसनाच्या लाडवांचा डबा आता वरच्या फळीवर आहे. माझा हात तिथे पोचत नाही, हे ह्यांना एक्स-रे न बघता पटलंय.